पान सतरा

"थांबव! आई, बोट थांबव!"

"बोट आहे ही, सायकल नाही!" सुकाणूच्या खोलीतून आई ओरडली. "आणि आधी कठड्यावरून खाली उतर!"

सगळे जिला दुर्बीण म्हणत ती तिची मुलगी कठड्यावरून निम्मी बाहेर लोंबकळत होती. तिच्या धाकट्या भावाने, शेपटाने, तिच्या सदऱ्याचं टोक दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं होतं. शेजारचा इंजिन मात्र मदत करायची सोडून बडबडत होता. त्याला इंजिन म्हणायचे ते उगाच नव्हे. एकदा सुरू झाला की तो स्टेशन आल्याशिवाय थांबत नसे.

"काय दिसलं? मला सांग ना! चोर? मगर? मगरच असणार! मी म्हणालो होतो की नाही, या नदीत..."

"गप्प रे! मिशीवाली आहे. पण बघ, कशी फिरतेय ती!"

समोर जुन्या गोदीचा सिमेंटचा उतार होता. पूर्वी तिथून नवी जहाजं पाण्यात ढकलत. गोदी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. आता उताराच्या पायथ्याशी एक पाणमांजर, हीच मुलांची मिशीवाली, गोल गोल पोहत होतं. मधूनच ते उतारावर चढे, एका जागी नाक लावून हुंगे आणि पुन्हा पाण्यात पडे. त्याची बारीक शीळ बोटीपर्यंत ऐकू येत होती.

"ती अशी कधीच ओरडत नाही," दुर्बीण म्हणाली. "काहीतरी झालंय."

तिला ठाऊक असणारच. सुट्टी लागल्यापासून हे तिघं रोज सकाळी त्या उतारावर पालथे पडून प्राणी मोजत होते. काम मामाने दिलं होतं. तिचा मामा म्हणजे नदीकाठाचा नवा आराखडा करणारा रचनाकार. पडक्या गोदीच्या जागी लोकांना बसायला-फिरायला बाग, ट्रामचा थांबा, फेरीबोटीचा नवा धक्का असं सगळं तो उभं करणार होता. "आणि जे प्राणी आपल्या आधीपासून तिथे राहतात, त्यांनाही जागा ठेवायची," असं त्याने घरी जेवताना सांगितलं होतं. "पण ते कुठे राहतात ते मला कोण सांगणार? मोठी माणसं खाली बघतच नाहीत. तुम्ही माझे सर्वेक्षक!"

त्याने तिला निळ्या पुठ्ठ्याची जाड वही दिली होती. पानांवर आधीच क्रमांक घातलेले. रोज एक पान. पहिले पाच दिवस काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. सहाव्या दिवशी चिखलात पंजे उमटलेले सापडले. नवव्या दिवशी मिशीवाली स्वतःच दिसली, तोंडात मासा घेऊन उतारातल्या जुन्या पाइपात शिरताना. आणि सतराव्या दिवशी पाइपाच्या तोंडाशी तीन इवलीशी डोकी!

त्याच संध्याकाळी, दुर्बीण काही सांगायच्या आतच, मामा वही घेऊन गेला होता. "आराखड्यात घालायची ना!" म्हणाला होता. आणि काल त्याने निरोप धाडला होता: आता यंत्रं येतील, जागा धोक्याची आहे, मुलांनी गोदीत जाऊ नये. आज चार वाजता जुन्या दोरखान्यात सभा आहे, तिथेच या.

"मामा नको म्हणालाय," शेपटाने आठवण करून दिली.

"गोदीच्या आत नको म्हणालाय. आपण फाटकापर्यंतच जाऊ."

बोट धक्क्याला लागली. धक्का इतका कुजला होता की आई प्रत्येक प्रवाशाला "डावीकडून, डावीकडून!" असं बजावून उतरवत असे. वर्षअखेर तो बंदच होणार होता. नवा झाला नाही, तर आईची फेरीही बंद.

"चारला मी आराखडा मंजूर करणाऱ्या समितीच्या लोकांना घेऊन येतेय," आई म्हणाली. "तोवर कुठे पडू-झडू नका. आणि तू, इंजिन, जरा श्वास घेत जा!"

*

फाटकापर्यंतच जायचं म्हणून निघालेले तिघं अर्थातच फाटकापाशी थांबले नाहीत. उतारावर पोचले आणि जागच्या जागी खिळले.

पाइपाच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवलेली होती. जाड गजांची, नवी कोरी. चारही बाजूंनी सिमेंट लिंपलेलं. दुर्बिणीने बोट लावून पाहिलं. सिमेंट अजून पुरतं वाळलंही नव्हतं.

आणि आतून आवाज येत होता. चीं... चीं... चीं...

"पिल्लं आत आहेत!" शेपटाचा चेहरा पडला. "आई बाहेर आणि पिल्लं आत!"

इंजिनाने जाळी धरून ओढली, हिसडली, पाय लावून खेचली. जाळी ढिम्म हलली नाही. "हे त्या खोदाईच्या ठेकेदाराचं काम! मला तो पहिल्यापासून आवडत नाही. त्याच्या मिशा बघितल्यास? अशा मिशांची माणसं..."

"मिशांचं राहू दे. कोण आलं, कोण गेलं ते फाटकावर लिहिलेलं असतं. चला!"

फाटकावर क्रेनआजोबा बसत. तीस वर्षं याच गोदीत त्यांनी क्रेन चालवली होती. गोदी बंद झाल्यावर ते तिथेच पहारेकरी म्हणून राहिले. मुलांचं ऐकता ऐकता त्यांचा चहा पेल्यातच गार झाला.

"जाळी? काल दुपारी दोघं वेल्डर आले होते खरे. पण चिठ्ठी होती त्यांच्याकडे. चिठ्ठीशिवाय मी तुम्हा तिघांखेरीज मुंगीलाही आत सोडत नाही!" त्यांनी खण उघडून चिठ्ठी काढली. "हे बघा. 'उतारावरील नळाचे तोंड आजच बंद करावे.' खाली सही."

दुर्बिणीने सही पाहिली. तिने ती दुसऱ्यांदा पाहिली. वळण घेत वर गेलेलं पहिलं अक्षर, खाली दोन ठिपके. तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या पत्राखाली ही सही असे.

"कोणाची आहे?" इंजिनाने विचारलं. "ठेकेदाराची ना? ठेकेदाराचीच!"

"मामाची," ती म्हणाली.

तिने चिठ्ठी घडी करून आजोबांच्या हातात दिली.

"चूक झाली असेल," शेपूट हळूच म्हणाला. "त्याला वाटलं असेल दुसरा कुठला पाइप आहे."

"हो, चूकच झाली असणार," दुर्बीण भराभर म्हणाली. "मी जाऊन सांगते त्याला. लगेच काढायला लावेल. तुम्ही इथेच थांबा!"

*

दोरखाना म्हणजे लांबच लांब दगडी शेड. एके काळी तिथे जहाजांचे दोर वळत. आज आत खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि मधल्या टेबलावर नव्या नदीकाठाची प्रतिकृती ठेवली होती. पुठ्ठ्याची घरं, काड्यांची झाडं, तारेवर चालणारी इवली ट्राम. मामा बाह्या दुमडून एकेक खुर्ची सरळ करत होता.

"अरे वा! मुख्य सर्वेक्षक! चारला ना गं सभा?"

"मामा, उतारावरच्या पाइपाला जाळी कोणी बसवली?"

मामाचा हात खुर्चीच्या पाठीवर थांबला. क्षणभरच.

"जाळी? कसली जाळी? मला नाही गं माहीत. बसवली असेल कुणीतरी. इतकी माणसं काम करतात इथे!" तो हसला. "जा, घरी जाऊन काहीतरी खाऊन घे. मी जरा पाण्याचं बघतो." आणि तो शिट्टी वाजवत मागच्या दाराने बाहेर गेला.

दुर्बीण तशीच उभी राहिली. चूक झालेला माणूस "अरे देवा!" म्हणतो. "मला माहीत नाही" म्हणत नाही.

मग तिने प्रतिकृतीकडे नीट पाहिलं. मामाने घरी दाखवलेल्या आराखड्यात उतारावर हिरवा कागद होता आणि त्यावर 'प्राण्यांची जागा' असं लिहिलेलं होतं. इथे त्याच ठिकाणी फेरीबोटीचा धक्का होता. पुठ्ठ्याची बोटसुद्धा लावलेली होती.

प्रत्येक खुर्चीवर एकेक अहवाल ठेवला होता. तिने जवळचा उचलला आणि पाने उलटली. आणि तिचंच अक्षर समोर आलं! तिच्या वहीची पाने, जशीच्या तशी छापलेली. पान एक: 'काही दिसलं नाही.' पान दोन: 'काही दिसलं नाही. इंजिन झोपला.' पान तीन, पान चार, पान पाच. संपलं. खाली मामाने लिहिलं होतं: 'स्थानिक मुलांनी काळजीपूर्वक केलेल्या नोंदींनुसार उताराजवळ वन्यप्राण्यांचा वावर आढळला नाही.' आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव.

छापलेल्या पानांतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच तिला जास्त राग आला. तिने रोज पहाटे उठून केलेलं काम घेऊन कुणीतरी तिलाच खोटं पाडलं होतं. आणि हा कुणीतरी ठेकेदार नव्हता, मिशावालाही नव्हता. तिला खांद्यावर बसवून ज्याने ही गोदी पहिल्यांदा दाखवली, तोच होता.

*

फाटकापाशी परत येऊन तिने सगळं सांगितलं.

"मग आता?" शेपटाने विचारलं.

"रडायचं नंतर," दुर्बीण म्हणाली. "आधी पिल्लं. कालपासून उपाशी असतील ती. आजोबा, तो पाइप येतो तरी कुठून?"

क्रेनआजोबांनी डोळे मिटून विचार केला. "पंपघरातून! गोदीतलं पाणी उपसून त्याच पाइपाने नदीत सोडायचे. पंपघराच्या जमिनीत त्याचं वरचं तोंड आहे. वर लोखंडी झाकण." ते ताडकन उठले. "चिठ्ठीत उतारावरचं तोंड बंद करा असं लिहिलंय. वरचं उघडू नका असं कुठे लिहिलंय?"

"आजोबा, तुम्ही भारी आहात!" इंजिन ओरडला.

पंपघर दोरखान्याच्या समोरच, मधलं पटांगण ओलांडून होतं. दार कधीच मोडून पडलं होतं. आजोबांनी झाकणाच्या फटीत पहार घातली. चौघांनी मिळून जोर लावला. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा झाकण कण्हत उचललं गेलं आणि धाडकन बाजूला पडलं! खालून चीं चीं आवाज मोठा झाला. पाइप फारसा उतरता नव्हता. पाणमांजर सहज चढू-उतरू शकलं असतं.

"मी आत जाऊन आणतो," शेपूट म्हणाला. "मी मावतो."

"अजिबात नाही! पिल्लांना हात लावायचा नाही. आपला वास लागला की मिशीवाली घाबरेल. तिलाच येऊ दे."

"पण तिला कळणार कसं?"

"आवाजाने. आपण इथून हललो की."

ते दोरखान्याच्या ओसरीत पिंपांच्या मागे दडून बसले. एक वाजला. दोन वाजले. शेपटाच्या पायाला मुंग्या आल्या. इंजिनाने तोंडात रुमाल कोंबून घेतला, कारण बोलल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. तीन वाजले. मिशीवाली अजून उतारावरच शीळ घालत होती.

पावणेचारला आईची बोट लागली. समितीचे लोक दुसऱ्या बाजूच्या दाराने दोरखान्यात शिरले. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले, मग मामाचा आवाज, मोकळा आणि आनंदी.

आणि नेमक्या त्याच वेळी पटांगणाच्या कडेच्या गवतात एक मिशाळ डोकं वर आलं!

मिशीवालीने हवा हुंगली. दोन उड्या मारल्या, थांबली, कान टवकारले. पंपघरातून आलेली चीं तिने ऐकली मात्र, बाण सुटावा तशी ती मोडक्या दारातून आत गेली!

"शेपटा," दुर्बीण कुजबुजली, "पळ. सगळ्यांना ओसरीत आण. पाणमांजर म्हणू नकोस. म्हणालास तर 'सभेनंतर बघू' म्हणतील."

"मग काय म्हणू?"

"खरं तेच. पण थोडंसंच. मामासारखं."

शेपूट सभेच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने भोकाडच पसरलं. "तीन बाळं पाइपात अडकलीत! कालपासून उपाशी आहेत! लवकर चला!"

खुर्च्या उलट्यापालट्या झाल्या. अध्यक्षबाई चष्मा सावरत धावल्या, आई त्यांच्याही पुढे, मागून सगळे सभासद. ओसरीच्या तोंडाशी इंजिन दोन्ही हात पसरून उभा होता, रुमाल अजून तोंडात. त्याने एकाच बोटाने पटांगणाकडे दाखवलं.

पंपघरातून मिशीवाली बाहेर येत होती. तिच्या तोंडात मानेला धरलेलं पिल्लू होतं, ओलं, करडं, लोंबकळणारं. इतकी माणसं बघून ती दचकली. सगळे जागीच थांबले. मग ती खाली वाकून पटांगण पार करत गवतात शिरली, रिकाम्या तोंडाने परत आली आणि पुन्हा पंपघरात गेली.

"बाळं!" अध्यक्षबाई पुटपुटल्या. "हं. बाळंच की ही."

दुसरं पिल्लू गेलं. तिसऱ्याला घेऊन ती पटांगणाच्या मधोमध आली आणि धडधडाट झाला! चहा पिऊन परतलेल्या चालकाने पटांगणाच्या टोकाला उभं असलेलं खोदाईचं यंत्र सुरू केलं होतं. मिशीवाली जागीच गोठली. पिल्लू तिच्या तोंडातून सुटून जमिनीवर पडलं.

क्रेनआजोबा या वयात इतके जोरात पळू शकतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते यंत्राच्या पायरीवर चढले, चालकाच्या गुडघ्यावरून हात घातला आणि किल्लीच काढून घेतली. सगळीकडे शांतता पसरली. मिशीवालीने पिल्लाला नाकाने ढोसलं, उचललं आणि गवतात नाहीशी झाली.

इंजिनाने रुमाल काढला. "तिन्ही! तिन्ही गेली! मोजली मी! तिन्ही!"

सगळे एकदम बोलू लागले. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि दुर्बीण त्याच्याकडे बघत होती.

"पण अहवालात तर वावर नाही असं आहे," अध्यक्षबाई पाने चाळत म्हणाल्या. "हे नाव कुणाचं?"

"माझं. ही पानं माझीच आहेत," दुर्बीण म्हणाली. "पण सगळी नाहीत. मामा, वही तुझ्या पिशवीत आहे ना?"

मामा हलला नाही. मग त्याने खांद्यावरची पिशवी उघडली आणि निळी वही बाहेर काढली. अध्यक्षबाईंनी ती घेतली आणि मोठ्याने वाचलं: "पान सतरा. 'पाइपाच्या तोंडाशी तीन पिल्लं. एकाने जांभई दिली. शेपटाला इतका आनंद झाला की तो चिखलात पडला. मामाला लगेच सांगायचं.'"

"तुला माहीत होतं पिल्लं आत आहेत," दुर्बीण म्हणाली. "मी लिहिलं होतं."

"नाही गं!" मामा कळवळून म्हणाला. "शपथ सांगतो. मी... मी पुढची पानं वाचलीच नाहीत. धक्क्यासाठी दुसरी जागा धरली असती तर तपासणीत वर्ष गेलं असतं. पहिल्या पाच पानांत मला हवं ते मिळालं. उगाच पुढे काही निघू नये म्हणून पाइपही बंद करायला लावला. मला वाटलं, प्राणी असलाच तर जाईल दुसरीकडे. पिल्लांचं मला खरंच माहीत नव्हतं!"

दुर्बिणीला वाटलं होतं, त्याने वाचून लपवलं. त्याने वाचलंसुद्धा नव्हतं. सतरा पहाटा! यातलं जास्त वाईट काय, ते तिला ठरवता येईना. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"ताई, तू तरी समजून घे," मामा आईकडे वळला. "हे तुझ्या फेरीसाठीच केलं मी. या वर्षी धक्का झाला नाही, तर तुझं काम जाईल!"

"माझं नाव यात घेऊ नकोस," आई म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांना ते जास्त स्पष्ट ऐकू गेलं. "माझं काम राहावं म्हणून तू माझ्याच मुलीशी खोटं बोललास?"

*

सभा संध्याकाळी सहापर्यंत चालली. जाळी तेव्हाच कापून काढायचं ठरलं. फेरीबोटीचा धक्का उतारावर न करता कोळसा उतरवायच्या जुन्या फलाटावर न्यायचा, ट्राम तिथपर्यंत वळवायची, आणि उतारापासून गवतापर्यंतचा पट्टा मोकळा सोडायचा. फलाटाची तपासणी होईपर्यंत जुन्या धक्क्याला टेकू देऊन फेरी चालू ठेवायची, हे क्रेनआजोबांनी सुचवलं. "लाकडं गोदीतच पडलीत," ते म्हणाले. "विचारायचं तर होतं कुणीतरी!"

अध्यक्षबाईंनी मामाचा अहवाल बाजूला ठेवला. नवा आराखडा त्याने करावा, पण समितीतला एक माणूस रोज सोबत बसेल, असं त्यांनी सांगितलं. मामाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

मग अध्यक्षबाई मुलांकडे वळल्या. "इतकी वर्षं मी अहवाल वाचते आहे. 'इंजिन झोपला' इतकं प्रामाणिक वाक्य मला कुठल्याही अहवालात सापडलेलं नाही!" सगळे हसले. "तुम्ही खाली वाकून बघितलंत, रोज लिहिलंत, आणि आम्ही मोठी माणसं चुकलो तेव्हा आम्हाला हाताला धरून दाखवलंत. यापुढची मोजणीही तुम्हीच करायची. आणि वही थेट माझ्याकडे द्यायची."

टाळ्या वाजल्या. शेपूट लाजून आईमागे लपला. इंजिनाने सात वेळा आभार मानले. दुर्बीणही हसली. पण मामाही टाळ्या वाजवतोय हे दिसल्यावर तिने मान वळवली.

रविवारी मामा घरी आला. दुर्बीण आतल्या खोलीत होती. तिने दार उघडलं नाही आणि आईनेही तिला हाक मारली नाही.

"बोलणार नाही का ती?" बाहेरून मामाचा आवाज आला.

"तिला बोलावंसं वाटेल तेव्हा बोलेल. तोवर तू विचारायचं नाहीस," आई म्हणाली.

मग दाराबाहेर मामाची पावलं थांबली. "नवा आराखडा टेबलावर ठेवलाय गं," तो बंद दाराला म्हणाला. "वही पूर्ण वाचली मी. दोनदा. तरी काही चुकलं असेल तर खूण कर." आणि तो निघून गेला.

दुर्बीण बाहेर आली. तिने आराखडा उलगडला, चारही कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि पट्टी घेऊन बसली. धक्का फलाटावर होता. ट्रामचा थांबा बरोबर होता. उतार हिरवा होता. पण एकाही गोष्टीवर तिने नुसता विश्वास ठेवला नाही. प्रत्येक अंतर मोजलं. तासाभराने तिला सापडलं. फिरायच्या वाटेवरचे दोन दिवे पाइपाच्या अगदी तोंडाशी होते, म्हणजे रात्रभर उजेड थेट बिळात. तिने लाल पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं: 'हे दिवे मागे हलवा.'

आईने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "हलवा? मामाला? त्याला तर तू 'हलव' म्हणतेस."

"हो," दुर्बीण पेन्सिलीला टोक करत म्हणाली. "सध्या हलवाच."